मुलांच्या खेळासाठी घरचा निर्धोक चीक

या मासिकात बी-बियाणे, खते, कीड, पाणी आणि बाजारभाव यांची चर्चा दरमहा होत असते, आणि ती तशीच व्हावी हे रास्त आहे. अशा पानांत पोराबाळांच्या खेळाचा विषय आणल्याबद्दल काही वाचक आम्हांस हसतील. परंतु गेल्या चैत्रात आमच्या घरी जो प्रसंग घडला, त्याचा संबंध जितका खेळाशी होता तितकाच आमच्या खताच्या कोठीशीही होता. आणि त्यावर जो उपाय सापडला तो सर्वस्वी शेतात पिकणाऱ्या मालाचाच आहे. म्हणून हा विषय शेतकरी बांधवांपुढे मांडण्यास संकोच वाटत नाही.

गावच्या यात्रेतून आमच्या चार वर्षांच्या नातवाने हट्टाने एक डबी घ्यावयास लावली. तीत हिरवागार, लिबलिबीत, हातातून घरंगळणारा असा एक गोळा होता. शहरांतून आणि आता खेड्यांतूनही मुले त्यास 'स्लाइम' म्हणतात. ओढला की लांबतो, ठेवला की पसरतो, पुन्हा वळला की गोळा होतो. मुलांस त्याचे वेड लागावे यात नवल नाही. रात्री जेवणाच्या वेळी पाहतो तो डबीतला अर्धा गोळा नाहीसा आणि पोराच्या ओठांवर हिरवा रंग. "खाल्लास काय रे?" असे विचारता तो शांतपणे म्हणाला, "आजोबा, गोड नव्हता."

त्या रात्री मुलास घेऊन तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे जावे लागले. डॉक्टरांचा पहिला प्रश्न असा : "यात काय काय घातले आहे?" आम्ही डबी पुढे केली. तिच्यावर एका हसऱ्या बेडकाचे चित्र होते आणि किंमत होती. दुसरे एक अक्षरही नव्हते. डॉक्टरांनी मुलास तपासले, रात्रभर नजरेखाली ठेवले, आणि सकाळी घरी नेण्यास परवानगी दिली. मुलास ईश्वरकृपेने काही झाले नाही. परंतु परतीच्या वाटेवर आमच्या मनास एकच गोष्ट टोचत राहिली. खताच्या पोत्यावरील नत्र, स्फुरद, पालाश यांचे आकडे वाचल्यावाचून आम्ही पैसे मोजीत नाही. कीटकनाशकाच्या डब्यावरील त्रिकोण लाल आहे, पिवळा आहे, निळा आहे की हिरवा, हे पाहिल्यावाचून झाकण उघडीत नाही. पिकाच्या पोटात काय जाते याची एवढी चौकशी करणाऱ्या घरात, मुलाच्या पोटात काय जाऊ शकेल याची चौकशी कोणीही केली नव्हती.

गोष्ट येथेच संपली असती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. घरी आल्यावर आमची दहा वर्षांची नात पुढे आली आणि म्हणाली, "आजोबा, त्याला विकतचे देऊच नका. मी घरी करून देते. फोनवर सगळे दाखवले आहे. पांढरा गोंद आणि बोरॅक्स, एवढेच लागते." तिच्या हातात एका वाटीत पांढरी भुकटी होती. आमच्या भुईमुगास बोरॉनची कमतरता म्हणून आणलेल्या पिशवीतून, पिशवीवरील नाव बरोबर वाचून, तिने ती काढून घेतली होती. पिशवी कोठीत, पोरीच्या हातास येईल अशा उंचीवर, तोंड उघडे असलेली, आम्हीच ठेवली होती.

बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार. कित्येक ठिकाणी त्यास सवागी असेही म्हणतात. खत म्हणून विकल्या जाणाऱ्या बोरॅक्समध्ये सुमारे १०.५ टक्के बोरॉन असते आणि योग्य मात्रेत ते पिकास उपयोगी पडते, हे वाचकांस ठाऊकच आहे. हाच क्षार पातळ गोंदात मिसळला असता गोंदातील लांब लांब धाग्यांसारखे अणुसमूह एकमेकांस ठिकठिकाणी अडकतात, आणि पातळ गोंदाचा ओढाळ गोळा बनतो. विकतच्या आणि घरगुती स्लाइमचे मर्म बहुधा हेच असते. परंतु तो क्षार पोटात गेल्यास ओकाऱ्या आणि जुलाब होतात, आणि मात्रा अधिक झाल्यास लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. युरोपीय संघाने चिकट खेळण्यांतून सुटणाऱ्या बोरॉनवर किलोस ३०० मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली आहे. ब्रिटनमधील 'विच?' या ग्राहकसंस्थेने २०१८ साली बाजारातील ११ प्रकारचे स्लाइम तपासले, त्यांपैकी ८ त्या मर्यादेच्या वर निघाले. आपल्याकडे १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे झाले आहे. तथापि यात्रेतील हातगाडीवर ते चिन्ह कोण शोधतो? आम्ही शोधले नाही.

येथे वडीलधारी मंडळी एक आक्षेप घेतील तो आम्ही ऐकला आहे. "टाकणखाराची लाही मधात कालवून तान्ह्या मुलाच्या तोंडास लावीत असत, तेव्हा कोण मेले?" असे ते विचारतात. तोंड आल्यावर हा उपाय घरोघर होत असे हे खरे. परंतु बोरॅक्स आणि मध यांचे मिश्रण चोखणीस लावून दिल्यामुळे तान्ह्या मुलांस झटके आल्याची उदाहरणे १९८३ साली एका ब्रिटिश बालवैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ते मिश्रण बंद करताच झटके थांबले. शिवाय एक वर्षाखालील मुलास मध देऊ नये, असे आता सर्व डॉक्टर सांगतात. जुन्या लोकांचा हेतू शुद्ध होता, पण शुद्ध हेतूने क्षाराचा गुण बदलत नाही.

नातीच्या हातातील वाटी आम्ही काढून घेतली, पिशवी कुलपात ठेवली, आणि तिला रागे भरण्याऐवजी आपणच थोडे लाजलो. मग प्रश्न उरला तो असा, की मुलांस चिकट, ओढाळ वस्तूशी खेळण्याची जी स्वाभाविक हौस आहे, तिचे काय करावे? ती दाबणे हा उपाय नव्हे. मातीचे बैल करणारी, चिखलात हात घालणारी मुलेच पुढे हाताने काम करण्यास शिकतात. लहान मूल हाती येईल ते तोंडात घालणारच. तेव्हा त्याच्या हाती अशी वस्तू द्यावी, की जिचा एखादा घास पोटात गेला तरी घरच्यांस रात्री तालुक्याची वाट धरावी लागू नये.

या शोधात आम्हांस प्रथम जी गोष्ट कळली तिने फार गंमत वाटली. १९७६ साली अमेरिकेतील मॅटेल या कंपनीने 'स्लाइम' या नावाचे खेळणे प्रथम बाजारात आणले. कचऱ्याच्या पिंपासारख्या दिसणाऱ्या लहानशा प्लास्टिकच्या डबीत तो हिरवा गोळा भरलेला असे. तो मुख्यतः कशाचा केला होता? गवारीच्या डिंकाचा. आपण जिच्या कोवळ्या शेंगांची भाजी करतो तीच ही गवार. तिच्या वाळलेल्या दाण्याचे साल व अंकुर वेगळे केले म्हणजे जो भाग उरतो, त्याची पूड पाण्यात पडताच पाणी दाट व बुळबुळीत होते. साल व अंकुराची चुरी गुरांच्या आंबोणात जाते आणि डिंक परदेशी जातो. जगातील गवारीचे बहुतांश उत्पादन भारतात होते, आणि त्यातही राजस्थानचा वाटा सर्वांत मोठा.

हाच डिंक अमेरिकेत खडकातून तेल व वायू काढण्याच्या कामी वाळू वाहून नेण्यासाठी वापरतात, आणि तेथेही तो घट्ट करण्यास बोरॉनचे क्षार घालतात. त्या मागणीमुळे गवारीचे भाव इतके भडकले, की मार्च २०१२ मध्ये गवारीचे वायदे थांबवावे लागले. ते मे २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाले. सांगावयाचे एवढेच, की परदेशी खेळणे म्हणून जे मिरविले गेले त्याचे मूळ आपल्या कोरडवाहू रानात होते. चिकटपणा परका नाही. परका आहे तो त्यात मिसळलेला क्षार. क्षार वगळून चिकटपणा ठेवता आला म्हणजे काम झाले.

हे आम्ही घरात वाचून दाखवीत असता आमचे कुटुंब चुलीपासून म्हणाले, "अहो, एवढे अमेरिकेला कशाला जाता? परवा कुरडयांचा चीक शिजवायचा आहे. पोरांना त्यातला द्या." आणि खरोखर, ज्या वस्तूच्या शोधात आम्ही कागद चाळीत होतो ती दर उन्हाळ्यात आमच्या अंगणात शिजत होती. स्लाइमला मराठीत नाव हवे असेल तर 'चीक' याहून चांगले नाव सापडणार नाही.

ज्या घरी कुरडया होतात त्यांस कृती सांगण्याची गरज नाही. परंतु नव्या सुनांसाठी आणि शहरात राहणाऱ्या आपल्या लेकींसाठी ती येथे देतो. चांगले निवडलेले दोन वाट्या गहू तीन दिवस भिजत घालावे, आणि पाणी रोज बदलावे. उन्हाळ्यात पाणी बदलण्यात कुचराई केल्यास उग्र वास येतो. चौथ्या दिवशी ते जाडसर वाटावे, भरपूर पाण्यात कालवून हाताने चोळावे आणि फडक्यातून पिळून गाळावे. चोथा गुरांस घालावा. गाळलेले दुधाळ पाणी रात्रभर न हलविता ठेवावे. सकाळी वर निवळी आणि तळाशी पांढराशुभ्र दाट थर दिसतो. निवळी हलक्या हाताने ओतून टाकावी. जेवढा दाट थर तेवढेच पाणी जाड बुडाच्या पातेल्यात उकळावे, त्यात चिमूटभर मीठ घालावे, आणि थर ढवळून त्याची धार सोडीत लाकडी दांड्याने एकसारखे घाटावे. गाठी होऊ देऊ नयेत. मग झाकण ठेवून मंद आचेवर वाफ आणावी. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली आणि गोळा पातेल्याच्या कडा सोडू लागला म्हणजे चीक शिजला.

असे का होते, हे मुलांस त्याच वेळी सांगावे. गव्हाच्या पिठुळ भागाचे कण अतिसूक्ष्म असतात. थंड पाण्यात ते विरघळत नाहीत, तळाशी बसतात. म्हणूनच रात्रीत थर जमला. उष्णता लागली म्हणजे तेच कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि एकमेकांत गुंततात. नात हे सर्व लक्ष देऊन पाहत होती. "म्हणजे बोरॅक्सचे काम इथे चूल करते," असे ती म्हणाली. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते तंतोतंत बरोबर नसेल, परंतु मर्म तिच्या ध्यानी आले होते.

चीक शिजताच मुलांच्या हाती देऊ नये, हे आम्ही मुद्दाम सांगतो. गरम पाणी सांडले तर घरंगळून जाते. गरम चीक कातडीस चिकटून बसतो आणि खोल भाजतो. तेल लावलेल्या थाळीत पसरून, मोठ्या माणसाने आपल्या मनगटाच्या आतील बाजूस लावून पाहून, कोमट झाल्यावरच तो द्यावा. मुलांच्या तळहातांस तेलाचे बोट लावले म्हणजे चीक हातास फार चिकटत नाही. थोडे अधिक पाणी घालून शिजविला तर तो ओघळतो, कमी घातले तर त्याचे गोळे वळता येतात. ज्यांस तीन दिवस थांबणे नको त्यांनी बाजारात मिळणारे मक्याचे सत्त्व, म्हणजे कॉर्नफ्लोअर, तीन मोठे चमचे घेऊन एक वाटी थंड पाण्यात कालवावे आणि मंद आचेवर ढवळीत काचेसारखे होईतो शिजवावे. नाचणीचे सत्त्वही चालते. मात्र कच्चे पीठ कालवून खेळावयास देऊ नये. कच्च्या पिठात पोट बिघडविणारे जंतू असू शकतात. अमेरिकेत २०१६ साली कच्च्या गव्हाच्या पिठापासून अशा जंतूंची साथ पसरली होती. शिजविणे हा या खेळाचा पहिला नियम होय.

दुसरा प्रकार इसबगोलाचा. हे रब्बीचे पीक आपल्या शेजारी गुजरातेत आणि राजस्थान, मध्य प्रदेशात होते. गुजरातेतील उंझा येथील त्याचा बाजार प्रसिद्ध आहे. फारसीत अस्प म्हणजे घोडा आणि घोल म्हणजे कान. दाण्याचा आकार घोड्याच्या कानासारखा म्हणून हे नाव पडले. पीक कापणीस आले असता एखादी पावसाची सर आली, तर दाणे झडून व फुगून शेतकऱ्याचे मोठे नुकसान होते. जो गुण शेतात शत्रू तोच मुलांच्या हातात खेळ होतो. इसबगोलाची भुसी एक लहान चमचा आणि पाणी एक मोठा पेला, म्हणजे सुमारे पाव लिटर, असे प्रमाण घ्यावे. थंड पाण्यात ढवळून पाच मिनिटे ठेवावे आणि मोठ्या पातेल्यात, कारण ते फसफसून वर येते, मंद आचेवर आठ-दहा मिनिटे ढवळावे. थोडे निवल्यावर पुन्हा दोन-तीन वेळा उकळी आणावी. जितक्या उकळ्या अधिक तितका गोळा घट्ट. पूर्ण निवल्यावर तो बेडकासारखा हातातून निसटतो, थरथरतो आणि हातास चिकटत नाही. आमच्या नातवाने विकतच्या डबीची आठवण काढावयाचे सोडले ते या गोळ्यामुळे.

रंगासाठी बाजारातील पुड्यांची गरज नाही. बीट उकळलेल्या पाण्याने लाल-गुलाबी, हळदीने पिवळा, पालकाच्या रसाने हिरवा आणि आमसुलाच्या पाण्याने तांबूस रंग येतो. कुंपणावरील गोकर्णीची निळी फुले गरम पाण्यात टाकावी म्हणजे निळा रंग उतरतो, आणि त्यात लिंबाचे चार थेंब पिळले की तोच रंग जांभळा होतो. हे पाहून मुलांनी जो गलका केला तो ऐकून शेजारची पोरेही कुंपणावरून आत आली.

त्याच दिवशी आम्ही तीन पेल्यांत पाणी घालून एकात सबजा, दुसऱ्यात अळीव आणि तिसऱ्यात जवस असा एकेक चमचा टाकला आणि कोणते बी किती वेळात किती फुगते हे नातीस वहीत लिहावयास लावले. सबजाच्या प्रत्येक दाण्याभोवती काही मिनिटांतच पारदर्शक टोपी आलेली पाहून तिने विचारले, "बियांना हे कशासाठी लागते?" शेतकऱ्याच्या घरातील मुलीने विचारावा असाच हा प्रश्न. आम्ही सांगितले, की हा बुळबुळीत थर ओल धरून ठेवतो आणि बीस मातीशी चिकटवून ठेवतो, म्हणजे पहिल्या पावसाचे थोडेसे पाणीही उगवणीच्या कामी येते. आमच्या लहानपणी भोकराच्या फळातील चिकट गराने आम्ही पतंग जोडीत असू आणि पुढे कचेरीत बाभळीच्या डिंकाने लाखोटे चिकटवीत असू. परंतु झाडे व बिया हा चिकटपणा आपल्यासाठी नव्हे, स्वतःच्या निर्वाहासाठी करितात, हे आम्हांस फार उशिरा कळले. नातीस ते दहाव्या वर्षी कळले.

आता मोठा आक्षेप, आणि तो आमच्या घरातूनच आला. चीक थाळीत पडताच नातवाने त्यात दोन्ही हात घातले, तेव्हा कुटुंब म्हणाले, "मीच म्हटले खरे; पण अन्नाशी खेळ शिकविणे बरे दिसते का? या घरात ताटातले शीत टाकलेले चालत नाही." हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दाणा पिकविण्यास काय पडते हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस तो विशेष टोचतो. आम्ही त्यावर पुष्कळ विचार केला आणि शेवटी तोडगा निघाला तोही तिच्याच आठवणीतून. तिच्या माहेरी चीक शिजला की पोरी भोवती बसत. पहिली वाटी दूध-साखर घालून खावयाची, एक लहानसा गोळा हातात घेऊन त्याच्या तारा काढावयाच्या, आणि उरलेला सर्व चीक सोऱ्यातून कुरडयांस जावयाचा. म्हणजे खेळ अन्नाचा अपमान म्हणून नव्हता. अन्न तयार करण्याच्या कामात मुलांचा जो वाटा, तोच खेळ होता.

तोच नियम आम्ही घरात लावला. खेळासाठी लिंबाएवढा गोळा, त्याहून अधिक नाही. आधी खाणे, मग खेळणे. ज्यावर हात फिरले तो गोळा पुन्हा स्वयंपाकात मिसळावयाचा नाही. तो स्वच्छ राहिला असेल तर गुरांस आणि मातीत पडला असेल तर खताच्या खड्ड्यात. इसबगोलाचा एक चमचा आणि गव्हाचा लिंबाएवढा गोळा यांत जे अन्न खर्ची पडते, ते यात्रेतील त्या डबीच्या किमतीपुढे काहीच नव्हे. आणि मुलांस जे कळते त्याची किंमत वेगळीच.

यास्तव पुढील गोष्टी आम्ही वाचकांस आग्रहाने सांगतो. निर्धोक याचा अर्थ एखादा घास पोटात गेला तर भय नाही, एवढाच. तो जेवणाचा पदार्थ नव्हे. इसबगोल पोट साफ करणारे आहे, तेव्हा मुलास त्याचा गोळा पोटभर खाऊ देऊ नये. कोरडी भुसी किंवा कोरडा सबजा मुलाच्या तोंडात कधीही जाऊ देऊ नये; ती घशात फुगून श्वास अडवू शकते. तीन वर्षांखालील मुलांस हा खेळ देऊच नये, आणि त्यावरील मुलांजवळही मोठ्या माणसाने बसून राहावे. तोंडात घास घेऊन पळू देऊ नये. ज्यास गहू सोसत नाही त्यास मक्याचा किंवा नाचणीचा चीक द्यावा. आधी हात धुवावे, खेळ संपल्यावरही धुवावे. उन्हाळ्यात हे गोळे लवकर आंबतात. ज्या दिवशी केले त्या दिवशीच त्यांची विल्हेवाट लावावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, टाकणखार, मोरचूद, युरिया, औषधे ही सर्व कुलपात आणि मुलांच्या हातास न लागतील अशी ठेवावी. ती दुसऱ्या बाटलीत किंवा वाटीत काढून ठेवू नयेत. पूर्वी कोठीतील पोत्यावरचे नाव मुलांस वाचता येत नसे. आता वाचता येते, आणि त्याचे काय करावयाचे हे त्यांस फोन सांगतो. शहाणे मूल हे अजाण मुलाहून अधिक सुरक्षित असते असे नाही, हे आमच्या नातीने आम्हांस शिकविले.

मूल काही अनोळखी वस्तू गिळून बसले, तर ओकारी काढण्याचे घरगुती प्रयोग करू नयेत. वस्तूची डबी किंवा पिशवी बरोबर घेऊन त्वरित डॉक्टरांकडे जावे. आणि ज्या डबीवर आत काय आहे हे लिहिलेले नाही, ती विकतच घेऊ नये. बियाण्याची अशी कोरी पिशवी आपण कोणाकडून घेतली असती काय?

त्या दिवशी उरलेल्या चिकाच्या कुरडया घातल्या. नातवाने हट्ट धरून सोऱ्या स्वतः दाबला. त्याच्या कुरडया गोल न होता कोणी शिंगासारख्या, कोणी विळ्यासारख्या झाल्या. त्या आम्ही वेगळ्या वाळविल्या आणि वेगळ्या डब्यात भरल्या. श्रावणातल्या पहिल्या सणाला त्या तळल्या. तेलात पडताच त्या वेड्यावाकड्या काड्या फुलून पांढऱ्याशुभ्र झाल्या, आणि नातवाने पहिली कुरडई आपल्या आजीच्या ताटात वाढली. डबीचा प्रश्न त्याने पुन्हा काढला नाही. फक्त जेवता जेवता विचारले, "आजोबा, पुढच्या चैत्रात गहू कधी भिजवायचे?"